दोन उन्हाळे काढलेला डीप फ्रीज

पवनारात नानाजी ताकसांडे यांचे घर विचारले, तर सांगणारा आधी हसून म्हणतो, "मुलीकडचे का मुलाकडचे?" नानाजींकडे येणारा माणूस सोयरिकीच्या चौकशीसाठीच आलेला असणार, हे गावाने धरूनच ठेवले आहे. खरे पाहता नानाजींनी लग्ने जमवण्याचा उद्योग कधी केला नाही. तीस वर्षे ते एस.टी.त कंडक्टर होते. वर्धा, पवनार, सेलू, केळझर आणि पुढे नागपूर, हा त्यांचा रस्ता. रोज तीच माणसे चढायची, तीच उतरायची. कोणाचा मुलगा कामावर म्हणून निघतो आणि सेलूला उतरून दिवसभर पानठेल्यावर बसतो, कोणाची सून माहेरी जाताना रडते आणि कोणाची सासरी परतताना, हे कंडक्टरला न विचारता कळते. म्हणून मुलगी द्यायची वेळ आली की लोक म्हणत, "एकदा नानाजीले विचारून घ्या."

हे काम नानाजींनी कधी हलक्यात घेतले नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. ज्या घरी स्थळ, त्या घरी फक्त चहा प्यायचा. विचारायचे ते बाहेर, आणि तेही तीन ठिकाणी. एक माणूस असा, जो त्या घरात रोज जातो पण त्या घरचा नाही. दुसरा असा, ज्याचे त्या घराशी कधीतरी बिनसले होते. तिसरा असा, ज्याला ते लग्न झाले काय आणि न झाले काय, सारखेच. तिघांच्या तोंडून एकच गोष्ट आली तर ती खरी मानायची. सांगण्याचीही रीत होती. कोणाचे स्थळ मोडणे म्हणजे पाप, असे आपल्याकडे मानतात. त्यामुळे वाईट शब्द ते तोंडातून काढत नसत. "अजून एक-दोन ठिकाणी पाहून घ्या" एवढेच म्हणत. समोरचा समजायचा आणि कप खाली ठेवून उठायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टात चौकशीचे काम त्यांच्या स्वतःच्या घरात निघाले. मात्र या वेळी चौकशी नवरदेवाची नव्हती, डीप फ्रीजची होती.

नानाजींचा मुलगा अनुप सावंगीला लॅबमध्ये कामाला आहे. त्याची बायको मयुरी घरी सीताफळाचा गर काढते. दसऱ्याच्या सुमारास केळझरकडच्या टेकड्यांवरचे सीताफळ टोपल्यांनी येते आणि दोन दिवसांत पिकून मऊ पडते. मयुरी, शेजारची मोहिनी आणि मोहिनीच्या दोघी जावा अशा चौघी जणी बसून बिया काढतात आणि गर डब्यांत भरतात. तो गोठवून ठेवला की एप्रिल-मेच्या लग्नसराईत बासुंदीसाठी केटररवाले मागत येतात. मधले सहा महिने तो बर्फासारखा राहिला पाहिजे, एवढीच अट.

आदल्या वर्षी मयुरीने वर्ध्याच्या एका आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजमध्ये डबे ठेवले होते. मार्चमध्ये त्याचा स्वतःचा माल आला आणि त्याने सांगितले, उद्यापर्यंत उचला. काही डबे नातेवाइकांत वाटले, बाकीचे आंबले. मोहिनी आणि तिच्या जावा तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण मयुरीला ठाऊक होते, पुन्हा असे झाले तर त्या येणार नाहीत. आणि तिलाही त्यांना तिसऱ्यांदा बोलवायचे तोंड राहणार नाही. म्हणून घरचाच डीप फ्रीज घ्यायचा ठरला. तो मे महिना काढेल की नाही, हा एकच प्रश्न होता.

मयुरी छपरीत मोबाइल घेऊन बसली. सासूबाई पंचफुला डाळ निवडत होत्या. सासरे नानाजी, तिचे 'मामाजी', खुर्चीत.

"चार पॉइंट तीन तारे आहेत, मामाजी. दोन हजार लोकायनं लिहिलं याच्याबद्दल."

"वाचून दाखव बरं."

"'मस्त प्रॉडक्ट. काल डिलिव्हरी झाली. पॅकिंग एक नंबर.'"

"काल आला अन् आज सांगून राह्यला? पुढचं."

"'खूप सुंदर. घरात शोभून दिसतो.'"

"हा लग्नात जेवून आलेला माणूस आहे. नवरदेव कसा, ते याले काय माहीत? पुढचं."

"हा एकच तारा देऊन राह्यला. 'डिलिव्हरीवाल्याने तिसऱ्या माळ्यावर चढवून दिला नाही. बकवास.'"

"भांडण हमालाशी अन् राग मशीनवर. सोड त्याले."

पंचफुलाबाईंनी सूप खाली ठेवले. "त्याचा बायोडाटा मागवून घ्या ना, फोटोसकट! उंची किती, रंग कसा, मामकूळ कोणतं!"

"तू हास. पण पोरीची मेहनत त्याच्या घरात जाऊन राह्यली, तर पाहा लागते," नानाजी म्हणाले.

मयुरीला या कामात गोडी लागली. संध्याकाळपर्यंत तिने एकेक मत चाळले. चार वेगळ्या नावांनी, एकाच तारखेला, शब्दाशब्दाला तेच कौतुक लिहिलेले सापडले. एका माणसाने तर खोक्यात निघालेल्या चिठ्ठीचा फोटोच टाकला होता: पाच तारे द्या आणि भेटवस्तू मिळवा. नानाजींनी चष्मा चढवून ती चिठ्ठी नीट पाहिली. "म्हणजे हे सगळे जेवणाच्या आमंत्रणावर आलेले," ते म्हणाले.

शेवटी वर्षभर वापरून मग लिहिणारे अकरा जण उरले. त्यांतले दोघे बंगळूरचे, एक सिमल्याचा. बाकीच्यांनी गाव लिहिलेच नव्हते.

"सिमल्याले डीप फ्रीज लागते कायले?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "बाहेर ठेवलं तरी भागते."

"तेच तर," नानाजी म्हणाले. "आपल्याले सेहेचाळीस डिग्रीतला साक्षीदार पाह्यजे. तोही एका उन्हाळ्याचा नाई, दोन उन्हाळे काढलेला."

असा साक्षीदार मोबाइलमध्ये मिळत नाही, हे कळल्यावर नानाजी सावंगीला हेमराजकडे गेले. हेमराज फ्रीज दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात उघडे पडलेले दहा-बारा फ्रीज उभे होते.

"यातला कोणता चांगला?" नानाजींनी विचारले.

"माह्याकडे आलेले सगळे बिमारच, जी. चांगला असंन तो माह्याकडे कायले येईन? मले विचारसान तर दुनियेत एकही फ्रीज धड नाई."

नानाजींना हे बोलणे पटले. त्यांनी मयुरीने निवडलेल्या तीनशे लिटरच्या डीप फ्रीजचे नाव सांगितले. हेमराजने हातातला पाना खाली ठेवला. "तो केळझरले आहे एक. कमलाबाई नगराळे, कुल्फी करतात त्या. दोन उन्हाळे झाले. पण त्याले काय झालं अन् काय नाई, ते मी सांगत नसतो. गिऱ्हाइकाच्या घरची गोष्ट आहे. पत्ता सांगितला, तुम्ही विचारून घ्या."

रविवारी नानाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावला आणि बस धरली. तीस वर्षांत चौकशीला जाताना ते याच वेषात गेले होते, त्यामुळे वेगळा काही विचार करायची गरज त्यांना वाटली नाही. केळझरच्या स्टँडवर उतरून पानठेल्यावर त्यांनी कमलाबाईंचे घर विचारले. पानवाल्याने घर दाखवले आणि ते वळल्याबरोबर मोबाइल कानाला लावला.

कमलाबाई दारातच उभ्या होत्या, मागे त्यांचा मुलगा. "जय भीम, नानाजी. या, या. धीरज, खुर्ची आण."

पाणी आले, पोहे आले, साजूक तुपातले लाडू आले, मग कुल्फी आली. सकाळी दहा वाजता न सांगता आलेल्या माणसासाठी हा पाहुणचार जरा जास्तच होता. पण नानाजींना अशा पाहुणचाराची सवय होती. समोरच्याच खोलीत तो पांढरा डीप फ्रीज होता. वर विणकामाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. ज्या घरी चहा प्यायचा तिथे काही विचारायचे नाही, हा नियम माणसांसाठी आहे, यंत्राला तो लागू नाही, असे मनाशी म्हणून त्यांनी विचारले, "हा कसा चालते?"

"काहीच तक्रार नाई, जी. आमच्या घरात कोणतीच वस्तू खराब होत नाई. सगळ्यायले जपून वापरायची सवय आहे."

"लाइट गेल्यावर?"

"लाइट जातेच कुठं जास्त? अन् गेली तर हा आहे ना, धीरज. घरातलं सगळं हाच पाहते. व्यसन कोणतंच नाई."

धीरज मान खाली घालून हसला. नानाजींनी कुल्फीची काडी ताटलीत ठेवली आणि बाहेर पडले. पद्धतीप्रमाणे आणखी तिघांना विचारले. शेजारीण म्हणाली, मशीनही चांगली आणि माणसेही चांगली. किराणावाला म्हणाला, दोन वर्षांत एकदाही त्या घरातून कुरकुर ऐकली नाही. ज्याचे कमलाबाईंशी नालीवरून भांडण झाले होते, तो गृहस्थसुद्धा क्षणभर थांबून म्हणाला, "नाई, त्या बाबतीत त्यायचं सगळं एकदम बरोबर आहे." बिनसलेला माणूसही चांगले बोलतो, याचे नानाजींना फार समाधान वाटले. घरी येऊन त्यांनी मयुरीला एकच शब्द सांगितला, "घे."

मंगळवारी मयुरीने वर्ध्याच्या दुकानात जाऊन नोंदवला. शनिवारी घरी येणार होता.

गुरुवारी दुपारी नानाजींचा फोन वाजला. पलीकडे कमलाबाई होत्या.

"नानाजी, मुलीकडचे कधी येऊन राह्यले? धीरजले सुट्टी टाका लागते. आधी सांगान तर बरं होईन."

"कोणत्या मुलीकडचे?"

"आता कोणत्या ते तुम्ही सांगा ना, बाप्पा! लपवता काऊन?"

नानाजींनी काहीतरी सांगून फोन ठेवला. मग पंचफुलाबाईंना आणि मयुरीला सगळे सांगितले. पंचफुलाबाई हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

"पांढरा शर्ट घालून गेलते ना? पेन लावून? मंग लोक काय समजन? पवनारचे नानाजी डीप फ्रीज पाहाले आले असं?"

मयुरी मात्र हसली नाही. "म्हणजे मामाजी, त्या लोकायनं जे सांगितलं, ते..."

"ते स्थळासाठी सांगितलं," नानाजी म्हणाले. "शेजारणीनं, किराणावाल्यानं, त्या भांडणवाल्यानंही. कोण दुसऱ्याच्या पोराचं स्थळ मोडते? खोक्यातल्या चिठ्ठीत अन् माह्या शर्टात काही फरक नाई, पोरी. मी आमंत्रणावरच गेलतो."

त्यांनी मयुरीला दुकानात फोन करायला लावला. दुकानदार कुरकुरला, पण सोमवारपर्यंत थांबायला तयार झाला.

आता केळझरला पुन्हा जाणे आले. नानाजींना ते जड वाटत होते. आजवर किती घरांत त्यांनी नाही म्हटले होते, पण ते मुलीकडच्यांच्या वतीने, दुसऱ्याच्या नावाने. स्वतः जाऊन, मुलगी मुळात नव्हतीच, असे कोणाला सांगायची वेळ आली नव्हती. शुक्रवारी त्यांनी घरातला चौकड्यांचा बुशशर्ट चढवला आणि मयुरीला सोबत घेतले.

कमलाबाईंनी मयुरीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा गोंधळला. नानाजींनी उभ्याउभ्याच सांगून टाकले. "चूक माही झाली, कमलाबाई. माह्याकडे मुलगी नव्हती. ही माही सून. हिले डीप फ्रीज घ्याचा आहे, म्हणून मी आलतो."

कमलाबाईंनी खुर्ची पुढे केली नाही. "म्हणजे तुम्ही माह्या पोरासाठी नाई, या पेटीसाठी आलते?"

"हो."

"अन् मी साजूक तुपाचे लाडू काढले!"

मयुरीला आतापर्यंत दाबून धरलेले हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, तरी ते फुटलेच. कमलाबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिले, मग नानाजींच्या बुशशर्टाकडे पाहिले, आणि त्याही हसायला लागल्या.

"बस, पोरी. तुम्हीही बसा जी, उभे काऊन? आता पोहे मिळणार नाईत." त्यांनी डीप फ्रीजवरची फुलदाणी उचलली, रुमाल काढला आणि झाकण उघडले. "पाह्य इकडं. पहिल्या उन्हाळ्यात मी याले त्या पश्चिमेच्या भिंतीले लावून ठेवलतं. दुपारी चार वाजले का भिंत तव्यासारखी. मशीन थांबतच नव्हती, सारखी घरघर, घरघर. एक दिवस बसली. सगळ्या कुल्फ्यायचं पाणी."

"कंपनीचा माणूस?"

"बावीस दिवसानं आला. तवरीक उन्हाळाच सरला. मंग मी जागा बदलली, भिंतीपासून वीतभर सरकवली, स्टॅबिलायझर लावला. मशीन चालली. दुसऱ्या उन्हाळ्यात हे झाकणाचं रबर ढिलं पडलं. ते हेमराजनं बदलून देल्लं."

"मले तो बोलला नाई," नानाजी म्हणाले.

"तो कायले बोलते? तो तुमच्यापेक्षा पक्का आहे."

मयुरीने रबरावरून बोट फिरवले. "रबर इतक्या लवकर कसं गेलं?"

"माह्याकडे दिवसातून तीस वेळा झाकण उघडते. तू किती वेळा उघडशीन?"

"भरून झाल्यावर? महिनाभर नाही उघडलं तरी चालते."

"मंग तुले टिकन. पण अर्धा रिकामा ठेवू नको. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेव, त्यायचा बर्फ होऊ दे. अन् लाइट गेली का झाकण उघडू नको. नवरा म्हणो का सासरा म्हणो, उघडायचं नाई."

मयुरीने झाकण खाली केले. मग तिने विचारले, "मावशी, तुमचा हा उद्या बंद पडला, तर पुन्हा हाच घ्यासान?"

कमलाबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला. दोन हजार मतांत एवढा वेळ कोणी लावला नव्हता. "घेईन," त्या म्हणाल्या. "पण मे महिन्यात कंपनी धावत येईन, या भरवशावर नाई घेणार. रबर आधीच आणून घरात ठेवीन अन् हेमराजचा नंबर झाकणावर लिहून ठेवीन."

निघताना त्यांनी नानाजींना दारात अडवले. "आता खरंच एखादी मुलगी असंन तर सांगजा."

"सांगतो. पण आधी धीरजची चौकशी करा लागन."

"करा ना! तुमच्या चौकशीले आता केळझरात कोण भेते?"

सोमवारी डीप फ्रीज पवनारात आला. मयुरीने तो मधल्या खोलीत, जिथे दिवसभर ऊन येत नाही अशा उत्तरेच्या भिंतीपाशी, वीतभर अंतर सोडून ठेवला. खाली विटा, बाजूला स्टॅबिलायझर. हेमराजकडून रबर आणून कपाटात ठेवले. दसऱ्याला टोपल्या आल्या. मोहिनी आणि तिच्या जावा आल्या, पण पहिल्या दिवशी तिघींनीही आधी मधल्या खोलीत जाऊन ती पेटी उघडून पाहिली, हात आत घालून पाहिला, आणि मगच बिया काढायला बसल्या. दिवाळीच्या आत डबे भरले. कडेच्या फटींत मयुरीने पाण्याच्या बाटल्या बसवल्या.

हिवाळा गेला. एप्रिलमध्ये थोडे डबे गेले, केटररने बाकीचे मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी सांगून ठेवले. आणि मेच्या मध्यावर, पारा पंचेचाळीसवर असताना, दुपारी चारच्या सुमारास वादळ आले. सेलू रोडवर झाडे पडली, विजेचे खांब वाकले. पवनारची लाइट गेली.

नानाजींनी खुर्ची उचलून मधल्या खोलीत नेली आणि डीप फ्रीजसमोर ठेवून बसले. अनुप ड्यूटीवरून घामाघूम होऊन आला. "बाबा, एक थंडी बाटली काढू द्या."

"मटक्यातलं पी."

"एकच बाटली!"

"मटक्यातलं."

पंचफुलाबाईंनी सकाळी येऊन झाकणावर हात ठेवला. "नुसतं फट करून पाहू द्या. आत काय झालं ते तरी कळन."

"फट केली का कळणारच आहे, काय झालं ते," नानाजी म्हणाले आणि त्यांचा हात बाजूला केला. मयुरीने सकाळपासून तीनदा महावितरणच्या ऑफिसात फोन केला होता आणि अंगण दोनदा झाडून झाले होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लाइट आली. बावीस तास झाले होते. यंत्र घरघरले आणि चालू झाले. तरीही मयुरीने झाकण उघडले नाही. संध्याकाळी सहाला मोहिनी आणि तिच्या जावा दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मग मयुरी पुढे झाली आणि तिने झाकण वर केले.

वरच्या थरातला पहिला डबा तिने अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. दुसरा, तिसरा, चौथाही मऊ होता. मयुरीने ते चारही बाहेर काढले आणि खालच्या थरात हात घातला. पाचवा डबा तिने दाबला, मग बोटाच्या पेराने ठोकला. टक् असा आवाज आला. सहावा ठोकला. टक्. मोहिनीची धाकटी जाऊ वाकून स्वतःच ठोकू लागली आणि मग तिघीही ठोकत सुटल्या. तळापर्यंत सगळे डबे दगडासारखे होते.

त्या चार डब्यांची बासुंदी पंचफुलाबाईंनी त्याच संध्याकाळी आटवली. छपरीत सगळे वाट्या घेऊन बसले. नानाजींनी दोन वाट्या घेतल्या. मोहिनीने वाटीच्या कडेवरची साय बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाली, "मयुरी, येत्या दसऱ्याले टोपल्या आधीच सांगून ठेवजो. मागच्या वेळी शेवटची फळं लहान आलती."